एका डोळ्याने जग पाहताना...

लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकताना दिसते किंवा डोळा तिरळा वाटू लागतो. तपासणीत निदान होते रेटिनोब्लास्टोमाचे, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्याच्या कर्करोगाचे. हा आजार प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांना होतो. तो लवकर ध्यानात आला, तर केमोथेरपी, लेसर आदी उपचारांनी अनेकदा डोळा वाचविता येतो. गाठ फार वाढली असेल, तर मात्र जीव वाचविण्यासाठी डोळा काढावा लागतो. रोगाशी लढाई जिंकली, तरी एका डोळ्याने जगणे शिकणे बाकी असते. ते मुलाबरोबरच घराला आणि शाळेलाही शिकावे लागते.

अंतराचा अंदाज

दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या किंचित वेगवेगळ्या प्रतिमांची सांगड घालून मेंदू अंतर ओळखतो. एक डोळा गेला की ही सोय नाहीशी होते. त्या बाजूचे दिसणेही आक्रसते. त्यामुळे सुरुवातीला पाणी पेल्याबाहेर सांडते, जिन्याची पायरी चुकते, बाजूने आलेल्या माणसाशी टक्कर होते. हळूहळू मेंदू दुसऱ्या खुणांचा आधार घेऊ लागतो. सावल्या, वस्तूंचा लहानमोठेपणा, मान हलविल्यावर जवळच्या वस्तूचे अधिक सरकणे यांवरून तो अंतर ताडतो. लहान मुले हे चटकन आत्मसात करतात. प्रौढांना मात्र अनेक महिने लागू शकतात.

मन्सूर अली खान पतौडी यांनी १९६१ मध्ये इंग्लंडमधील मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते पहिली कसोटी खेळले आणि जानेवारी १९६२ मध्ये मद्रासला त्यांनी शतक ठोकले. कारण वेगळे असले, तरी सरावाने मेंदू किती जुळवून घेतो, याचे हे उदाहरण आहे.

कृत्रिम डोळा

कृत्रिम डोळ्याने दिसत नाही. त्याचे काम वेगळे आहे. शस्त्रक्रियेत डोळ्याच्या जागी सहसा एक गोळा बसवितात. जखम भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, त्यावर दुसऱ्या डोळ्याशी मिळताजुळता रंगविलेला ॲक्रिलिकचा पातळ कवचासारखा डोळा बसविला जातो. त्यामुळे चेहऱ्याची ठेवण राहते आणि पापण्यांना आधार मिळतो. मूल वाढते तसा हा डोळा बदलावा लागतो. तो स्वच्छ ठेवणे आणि ठराविक काळाने पॉलिश करून घेणेही आवश्यक असते.

उरलेल्या डोळ्याची काळजी

या आजाराचा एक प्रकार आनुवंशिक असतो आणि त्यात दुसऱ्या डोळ्यातही गाठ होऊ शकते. म्हणूनच उपचार संपले, तरी डॉक्टरांनी ठरविलेल्या तपासण्या चुकवू नयेत. आनुवंशिकतेची शक्यता असल्यास भावंडांचे डोळेही तपासून घ्यावेत. उरलेल्या डोळ्याला इजा होऊ नये, यासाठी नंबर नसला तरी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा वापरावा. खेळताना तर तो हवाच.

शाळेने मुलाला अशा बाकावर बसवावे, की फळा आणि बाई चांगल्या डोळ्याच्या बाजूला राहतील. रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवून पाहण्याची सवय लावावी. 'काणा' म्हणून चिडविले जाण्याचा घाव शस्त्रक्रियेहून खोल असतो. अशा वेळी शिक्षकांनी वर्गाला दोन शब्दांत खरे काय ते सांगितले, तर कुतूहल शमते आणि चेष्टा थांबते.

सवलतींचा प्रश्न

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्याची दृष्टी चांगली असेल, तर केंद्र सरकारच्या निकषांनुसार दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. त्यामुळे अनेक कुटुंबांना प्रमाणपत्र मिळूनही सवलती मिळत नाहीत. कृत्रिम डोळा बदलण्याचा खर्च मात्र सुरूच राहतो. उपचार सुरू असतानाच रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे या खर्चाची आणि मदतीची चौकशी केलेली बरी.

डोळा काढल्यावर मुलाचे बालपण संपत नाही. पडू नये म्हणून त्याला घरात कोंडून ठेवले, तर सराव थांबतो आणि धिटाईही जाते. चष्मा घालून त्याला मैदानावर जाऊ द्यावे. चेंडू दोनदा सुटेल; तिसऱ्यांदा तो हातात येण्याची शक्यता असते.