वस्तूच्या पोटातलं नाव

आपल्याकडे तांब्या-पितळेचं भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायची रीत आहे. लग्नकार्यात भावकीची वीस पातेली एकत्र झाली तरी कोरलेल्या नावावरून ज्याचं भांडं त्याच्या घरी परत जातं. आता घराघरांत मोबाईल आला, टीव्ही आला, डेअरीत इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आला, शेतात सौर पंप आला. या वस्तूंच्या पोटातही नाव घातलेलं असतं. आज त्याचीच माहिती घेऊ.

दुरुस्तीच्या दुकानात उघडलेला मोबाईल तुम्ही पाहिला असेल. आत एक हिरवी किंवा काळी पट्टी असते. तिला सर्किट बोर्ड म्हणतात. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे, काही तर मोहरीहून बारीक भाग बसवलेले असतात. काळे चौकोनी भाग म्हणजे चिप. चिपच्या पाठीवर करड्या रंगाची बारीक अक्षरं असतात. बोर्डाच्या कडेला पुष्कळदा ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन असतो, मसुरीच्या दाण्याहूनही लहान.

हे छिन्नीने कोरता येत नाही, भाग फुटतील. साध्या शाईने छापलं तर टिकेलच असं नाही. कारण भाग चिकटवण्यासाठी बोर्ड भट्टीतून जातो आणि तिथे उष्णता साधारण 250 अंशांपर्यंत चढते. पुढे काही बोर्ड रसायनाने धुतलेही जातात. म्हणून लेझर वापरतात. लेझर म्हणजे एका बिंदूवर एकवटलेला प्रखर प्रकाश. उन्हात भिंग धरलं की कागद जळतो, तसंच काहीसं. संगणक आरशांच्या मदतीने हा किरण फिरवतो. किरण पडेल तिथला वरचा थर जळतो किंवा त्याचा रंग बदलतो आणि अक्षर उमटतं. वस्तूला काहीही टेकत नाही, त्यामुळे नाजूक भाग दुखावत नाही.

त्या खुणेत काय असतं? चिपवर बनवणाऱ्याची खूण, भागाचा प्रकार आणि बऱ्याचदा चार आकडे. 2318 असेल तर 2023 सालचा 18वा आठवडा. ठिपक्यांच्या चौकोनात त्या एकाच बोर्डाचा नंबर असतो. जुळ्या बहिणी दिसायला सारख्या असल्या तरी आधार नंबर वेगळा, तसं. कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर बनला, कोणत्या लॉटचे भाग लागले, तपासणीत काय निघालं, हे सगळं कारखाना त्या नंबरापुढे नोंदवून ठेवतो.

या नोंदीचं मोल संकटात कळतं. 2016 साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट सेव्हन या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. सप्टेंबरमध्ये कंपनीने सुमारे 25 लाख फोन परत मागवले. आपला फोन त्यांत आहे का, हे लोकांनी फोनच्या नंबरावरून तपासलं. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबवलं. नंबर नसता तर घरात कोणता फोन जपून ठेवायचा आणि कोणता बाहेर काढायचा, हे कुणाला कळलं असतं?

पण कोरलेलं सगळंच खरं नसतं. भंगारातल्या जुन्या चिपची पाठ घासून त्यावर नवं नाव घालून विकणारे लोकही आहेत. म्हणून नंबर नुसता असून भागत नाही, तो नोंदीशी जुळायला हवा. हीच गोष्ट आपल्या दागिन्याची. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षरी-आकडी नंबर लागतो, त्याला एचयूआयडी म्हणतात. तोही लेझरनेच उमटवतात. सोनाराकडे भिंग मागा, नंबर वाचा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. पावतीशी जुळवा.

चार्जर आणि एलईडी बल्ब घेतानाही त्यावर बीआयएसची खूण, 'आर' हे अक्षर आणि पुढे आठ आकडे शोधा. तो नंबरही याच ॲपवर तपासता येतो.

बोर्डावरची खूण कारखान्यासाठी, पण मोबाईलचा आयएमईआय नंबर आपल्यासाठी आहे. तो 15 आकडी असतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा, पडद्यावर दिसेल. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर येतील. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचं सिम पुन्हा काढा आणि संचार साथी पोर्टलवर फोन बंद करायची विनंती नोंदवा. मग त्यात कुणीही दुसरं सिम घातलं तरी तो देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. जुना फोन विकत घेण्याआधीही याच पोर्टलवर नंबर तपासा. आयएमईआय बदलणं हा गुन्हा आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

फोन हातातून गेल्यावर मात्र नंबर कुठून बघणार? तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. प्रत्येकीच्या फोनचा आयएमईआय, गटाच्या वजनकाट्याचा, चक्कीच्या मोटरचा नंबर, खरेदीची तारीख आणि दुकानाचं नाव गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहा. पावत्या फायलीत लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे नंबर शेजारणीने उतरवून द्यावेत. वस्तू घेताना गटाचं कर्ज काढलेलं असतं, हप्ते महिनोन्‌महिने फिटत असतात. ती बिघडली किंवा चोरीला गेली तर दाद मागायला हाच एक नंबर उपयोगी पडतो.