छत्री वेगळी, चौकट वेगळी

वाटूर फाट्यावरून मंठ्याकडे जाणारे ट्रॅक्टर पाहा. अनेकांवर ऊन अडवणारी पत्र्याची छत्री दिसते. डोक्यावर लोखंड आहे म्हणजे जीव सुरक्षित, असे मात्र समजू नये.

शर्यतीच्या गाड्यांत चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. गाडी उलटली तरी माणसापुरती जागा उरावी, एवढाच त्याचा हेतू. ट्रॅक्टरवर त्याचे साधे रूप म्हणजे आसनामागची भक्कम कमान. ती का हवी? मागची चाके चिखलात रुतली आणि चालकाने जोर दिला, की चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे तोंडच वर उठते. एक-दोन सेकंदांत तो मागे उलटतो. उडी मारायला सवड मिळत नाही.

स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना ही चौकट सक्तीची केली. पुढे तिथले असे मृत्यू जवळजवळ थांबले.

जालना तर लोखंडी सळ्यांचे शहर! मग चौकट गावातच जोडून घेतली तर? मोह आवरावा. नळीची जाडी, तिचे वळण, सांध्यांची आणि बोल्टांची ताकद कारखान्यात भार देऊन तपासलेली असते. वेल्डिंग चुकले तर ऐनवेळी सांधाच तुटतो. म्हणून त्याच मॉडेलसाठी बनवलेली, प्रमाणित चौकट घ्यावी.

आणखी एक. चौकट उभी असेल तर पट्टा बांधायलाच हवा, नाही तर माणूस बाहेर फेकला जाऊन तिच्याखालीच सापडतो. चौकटच नसेल तर पट्टा बांधू नये.

ट्रॅक्टर घेताना आपण अश्वशक्ती विचारतो, हप्ता विचारतो. घरच्यांनी चौकटीचेही विचारावे.