लॅपटॉप आले, गणित तिथेच

2006 साली दिल्लीच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने निकोलस निग्रोपाँटे यांच्या योजनेला नकार दिला. बाबूगिरीचा अस्सल नमुना वाटावा असाच तो नकार होता. एमआयटीच्या मीडिया लॅबचा संस्थापक प्राध्यापक गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाच्या हाती शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायला निघाला होता, संयुक्त राष्ट्रसंघ त्याच्या पाठीशी होता, आणि आपले शिक्षण सचिव म्हणत होते की आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत. मागे वळून पाहिले तर मात्र हे सरकारी उत्तर बरेच शहाणपणाचे होते.

'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेतले यंत्र खरोखर देखणे होते. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, सशाच्या कानांसारखे अँटेना असलेले, धूळ-पाण्याला दाद न देणारे, भर उन्हात वाचता येईल अशा पडद्याचे. 2005 मध्ये ट्युनिसला कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्याचा नमुना दाखवला गेला, तेव्हा वीज नसलेल्या गावांसाठी त्याला हाताने फिरवायची दांडीही होती. ती तिथल्या तिथेच निखळली. प्रत्यक्ष बाजारात आलेल्या यंत्राला दांडी नव्हतीच, आणि किंमतही शंभराऐवजी 188 डॉलर झाली होती, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे साडेसात हजार रुपये.

खरी गोम किमतीत नव्हती. या योजनेमागे सीमोर पॅपर्ट यांचा विचार होता: मूल स्वतः काही घडवताना शिकते. विचार चांगलाच आहे, पण निग्रोपाँटे यांनी तो इतका ताणला की त्यांच्या चित्रातून शिक्षकच गायब झाला. पुढे 2011 मध्ये त्यांनी दुर्गम गावांत हेलिकॉप्टरमधून टॅब्लेट टाकण्याची कल्पनाही मांडली. मुले आणि यंत्रे आपले आपण बघून घेतील, असा तो भरवसा.

त्याची सर्वांत मोठी परीक्षा पेरूत झाली. तिथल्या सरकारने 2008 पासून आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. खर्च सुमारे 20 कोटी डॉलर. यंत्रे अँडीजच्या डोंगराळ खेड्यांपर्यंत पोचली. मग इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी 319 ग्रामीण शाळांत तपासणी केली. काही शाळांना लॅपटॉप मिळाले होते, काहींना नाही. सुमारे 15 महिन्यांनंतर दोन्हीकडची मुले गणितात आणि भाषेत सारखीच होती. आकृत्यांच्या कोड्यांसारख्या बौद्धिक चाचण्यांत लॅपटॉपवाली मुले थोडी पुढे दिसली, एवढेच. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते. शिक्षकांसाठी 40 तासांचे प्रशिक्षण ठरले होते. यंत्राची ओळख व्हायला ते पुरले असेल, त्यातून गणित कसे शिकवायचे याला नाही. यंत्र मोडले तर भरपाई द्यावी लागेल या धास्तीने कित्येक मुले ते घरीही नेत नव्हती. दहा वर्षांनी संशोधक पुन्हा तिकडे वळले, तेव्हाही मुलांच्या शैक्षणिक प्रगतीत फरक आढळला नाही.

उरुग्वेची गोष्ट जरा निराळी. जेमतेम 35 लाख वस्तीचा हा सपाट देश. 2007 मध्ये 'प्लान सेइबाल' सुरू झाला आणि 2009 पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप मिळाला. सुरुवातीच्या वर्षांत इथेही गणित-वाचनाचे गुण हलले नाहीत. पण सरकारने दुरुस्तीची केंद्रे उभारली, शाळांना इंटरनेट जोडून दिले आणि यंत्रांवर नेमके काय शिकवायचे याचा विचार चालू ठेवला. इंग्रजीच्या शिक्षकांची वानवा होती. म्हणून आठवड्यातला एक तास दूरवरची, कधी परदेशातली शिक्षिका पडद्यावरून शिकवू लागली आणि उरलेले दोन तास वर्गातल्या बाईंनीच सराव घ्यायचा असे ठरले. त्या बाईंचे स्वतःचे इंग्रजी कच्चे असले तरी चालणार होते.

एवढ्या लांब जायचेही कारण नाही. बडोद्यात राज्य सरकारने नगरपालिकेच्या प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि त्यातले कितीतरी खोक्यांतच पडून होते. मुंबईत 1994 साली सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने ते कामाला लावले. चौथीची मुले आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे दोघे बसून गणिताचे खेळ खेळू लागली. पुढे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह मोजमाप केले, तेव्हा गणिताच्या गुणांत ठळक वाढ निघाली. प्रत्येकाला वेगळे यंत्र नव्हते, तरीही. गुजरातमध्येच 'ज्ञानशाला'च्या वर्गांत संगणकाचा प्रयोग झाला. संगणक शाळेनंतरचा जादा सराव म्हणून वापरला तेव्हा उपयोग झाला. चांगल्या चाललेल्या तासाच्या जागी बसवला तेव्हा मुले मागे पडली.

दिल्लीतल्या एका प्रयोगात यंत्राची खरी ताकद दिसली. 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर आधी मुलाला कुठवर येते ते तपासते आणि तिथूनच पुढे नेते. सातवीतल्या ज्या मुलाला तिसरीची वजाबाकी जमत नाही, त्याला सातवीचे पुस्तक काय कामाचे? चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे जमवणे कठीण. शाळेनंतरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही विषयांत मुले चांगलीच पुढे गेली. केंद्रात सोबत शिकवणारा माणूसही असे, हे विसरून चालणार नाही.

सरकारी नकारानंतरही हिरवा लॅपटॉप महाराष्ट्रात आलाच. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत तो पोचला. वेगवेगळ्या इयत्तांची मुले तिथे एकाच खोलीत बसत. एक इयत्ता शिकत असताना बाकीच्यांनी करायचे काय, हा एकशिक्षकी शाळेचा रोजचा पेच. अशा ठिकाणी यंत्राला निश्चित काम असते, आणि ते कोणते हे तिथला शिक्षकच सांगू शकतो. मंत्रालयातली निविदा मात्र बहुधा त्याला न विचारताच निघते. तिच्यात पडद्याचा आकार असतो, बॅटरीचे तास असतात. तीन वर्षांनी ती बॅटरी बसली की नवी कोणत्या पैशातून घ्यायची, याचा रकाना सहसा नसतो.