जात्याची घरघर राहू दे!

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटात शालूच्या मागं एखादी व्हिडिओ कॅसेट पडून आहे का? आमच्याकडे होती. 2002 साली नणंदेचं लग्न इथंच राणीसावरगावला, दारातल्या मांडवात झालं, त्याची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यावर नणंद एकदा रडवेली होऊन म्हणाली, "वहिनी, आईचा आवाज कुठंच राहिला नाही का गं?" तेव्हा मला ती कॅसेट आठवली. हळद दळताना आत्याबाईंनी जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या. फोटो ढीगभर, पण आवाज तेवढाच!

कॅसेट काढली तर फितीवर पांढरी बुरशी. व्हीसीआर कधीच भंगारात गेलेला. एका दुकानदारानं तर "टाकून द्या" म्हणून वाटेला लावलं. शेवटी गंगाखेडच्या एका मुलानं ती हातात घेतली. त्याला जुन्या सिनेमांचं वेड. एका प्रतीतलं चांगलं चित्र, दुसरीतला चांगला आवाज घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर जुळवून स्वच्छ सिनेमा तयार करायचा, हा त्याचा छंद.

त्याच्याकडून जे कळलं, त्यानं मी चकितच झाले. दादासाहेब फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उरलेलाच नाही. कित्येक जुन्या फिती तर त्यातल्या चांदीसाठी भंगारात विकल्या गेल्या! 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी अशी रिळं शोधून शोधून जमवली. 2003 च्या जानेवारीत पुण्यात आग लागली आणि 'प्रभात'च्या मूळ नायट्रेट फितीही जळाल्या. तरीही 'संत तुकाराम' आणि शांता आपटेंचा 'कुंकू' आपण आज पाहू शकतो. का? कुणीतरी आधीच दुसऱ्या फितीवर प्रत काढून ठेवली होती म्हणून!

आपल्या स्मिता पाटीलचा 'मंथन' (1976) गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून निघाला होता. तोही नव्यानं दुरुस्त करून 2024 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. सिनेमाच्या एका सेकंदात 24 चित्रं असतात. म्हणजे दोन तासांच्या सिनेमात पावणेदोन लाखांच्या आसपास! ओरखडे, डाग काढायचे ते यातले. आपण तांदूळ निवडतो ना, तसंच चिकाटीचं काम.

आठ दिवसांनी त्या मुलाचा फोन आला, "काकू, झालं. बुरशीमुळं थोडं चित्र गेलं, पण आवाज एकदम साफ केलाय." आम्ही दोघी धावत गेलो. आत्याबाईंचा आवाज खणखणीत, पण काहीतरी चुकत होतं. नणंदच म्हणाली, "अरे, जात्याचा आवाज कुठंय?" तो म्हणाला, "ती घरघर होय? खरखर समजून काढून टाकली!"

आम्ही त्याला ती परत घालायला लावली. जातं थांबलं तर ओवी कशाच्या आधारानं चालणार? जनाबाईच्या गावातल्या पोराला हे सांगावं लागलं, याचं हसूही आलं. त्यानं मूळ प्रत तशीच जपून ठेवली होती, म्हणून ते जमलं.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं कराच. बुरशी आलेली कॅसेट तशीच लावून बघू नका, फीत तुटते आणि यंत्रही खराब होतं. आधी साफ करून घ्या. संगणकावर उतरवली की मूळ प्रतीला हात लावू नका. आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, बहिणीकडे नाहीतर लेकीकडे ठेवा. फाइलला नुसतं 'लग्न' म्हणू नका, साल, गाव, नावं लिहा. आणि घरात जी थोरली माणसं आहेत, त्यांना शेजारी बसवून कोण कोण दिसतंय ते आत्ताच विचारून घ्या.

आमच्या कॅसेटमध्ये आत्याबाईंच्या समोर बसून जात्याचा खुंटा धरलेली एक बाई आहे. ती कोण, हे सांगणारं आता आमच्या घरात कुणी उरलेलं नाही.