घारापुरी : आपल्या दारातलं बेट, आपल्या बचतीत

 दर वेळी आपण कर्ज, हप्ते आणि हिशेबाच्या वह्यांवर बोलतो. आजही बचतीवरच बोलणार आहोत, पण ही बचत आहे सहलीची.

बेटावर फिरायला जायचं म्हटलं की अंदमान डोळ्यांसमोर येतं, मग विमानाचं तिकीट आठवतं आणि विषय तिथंच संपतो. नेरूळच्या आमच्या गटाच्या बैठकीतही असंच झालं. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं, घारापुरी आपल्या उरण तालुक्यातच आहे की! परदेशातली माणसं येऊन बघून जातात आणि आपण अजून पाय ठेवला नाही." चौदा जणींपैकी फक्त दोघी तिथं जाऊन आल्या होत्या, त्याही शाळेच्या सहलीत.

घारापुरीलाच एलिफंटा म्हणतात. पोर्तुगीजांना राजबंदराजवळ दगडाचा मोठा हत्ती दिसला, त्यावरून त्यांनी हे नाव दिलं. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. डोंगरात कोरलेली शंकराची लेणी सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची आहेत. तीन मुखांची सदाशिवाची मूर्ती जवळजवळ 20 फूट उंच आहे. 1987 मध्ये युनेस्कोनं ही लेणी जागतिक वारसा म्हणून जाहीर केली.

पण बेट म्हणजे फक्त लेणी नाहीत. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या तिथं आहेत. मुंबईचे दिवे रोज समोर दिसायचे, पण बेटावर मात्र संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तेवढाच उजेड. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. हे ऐकल्यावर आमच्या बायकांना लेण्यांपेक्षा त्या वस्त्या बघायची जास्त ओढ लागली.

आता पैशांचं. आम्ही पहिलाच नियम केला की गटाच्या बचतीला आणि अंतर्गत कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. सहलीची वही वेगळी केली. दर महिन्याला प्रत्येकीचे 50 रुपये. जिला एखाद्या महिन्यात जमलं नाही, तिनं पुढच्या महिन्यात भरायचे. दंड नाही. दहा महिन्यांत प्रत्येकीचे 500 रुपये झाले. कुणाला घरी हात पसरावा लागला नाही, हे सर्वात मोठं.

पहिल्यांदा आम्ही 2024 च्या मार्चमध्ये गेलो. त्याच वर्षी 12 जानेवारीला नेरूळहून थेट उरणपर्यंत लोकल सुरू झाली होती. उरणला उतरून रिक्षानं मोरा बंदर गाठलं. वार निवडला होता सोमवार, कारण महादेवाचा वार! इथंच आम्ही दोन चुका केल्या.

पहिली चूक ओहोटीची. मोऱ्याला गाळ आहे. पूर्ण ओहोटीला होड्या धक्क्याला लागत नाहीत. आम्ही वेळ न बघता गेलो आणि दीड तास बसून राहिलो. तिथं मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका आजीनं आमची शिकवणीच घेतली. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे साधारण भरतीची वेळ येते. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून सव्वाआठच्या सुमाराला भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. घरात कॅलेंडर आहे ना? मग हा हिशेब प्रत्येकीला जमेल.

दुसरी चूक म्हणजे सोमवारी लेणी बंद असतात. बेटावरच्या लोकांच्या होडीतून मोराबंदरला उतरलो तेव्हा हे कळलं. थोड्या हिरमुसलो. पण त्या दिवशी बेटावर पर्यटकच नव्हते. आंब्याच्या, चिंचेच्या सावलीतून चालत गेलो. जुन्या स्तूपाची टेकडी पाहिली. एका घरी आधी विचारून जेवण सांगितलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, भात, आमटी. त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "माणसं लेणी बघतात आणि बोट पकडतात. गावात कुणी येत नाही." गर्दी नसलेलं बेट आम्हाला असं चुकून सापडलं.

लेणी राहिली होती, म्हणून पुन्हा 50 रुपये सुरू केले. संक्रांतीनंतर जायचं ठरलं. तेवढ्यात 18 डिसेंबर 2024 ला ती बातमी आली. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीड बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा माणसं गेली. त्या रात्री आमच्या प्रत्येकीच्या घरी एकच वाक्य बोललं गेलं, "आता कुठं जायचं नाही."

आम्ही कुणाशी भांडलो नाही. घरच्यांची भीती खोटी नव्हती. आणि खरं सांगायचं तर पहिल्या वेळी होडीत बसताना आम्ही लाईफ जॅकेट मागितलंच नव्हतं. मागायला लाज वाटली होती. म्हणून बैठकीत बसून अटी लिहून काढल्या.

लाईफ जॅकेट अंगावर चढवल्याशिवाय बोट सुटू द्यायची नाही. नुसतं मांडीवर घेऊन बसायचं नाही. आधी पदर कमरेला घट्ट खोचायचा, त्यावरून जॅकेट घालायचं आणि सगळे पट्टे लावायचे. लहान मूल असेल तर त्याच्या मापाचं मागायचं. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचायचं. जास्त माणसं चढताना दिसली तर उतरून पुढच्या बोटीची वाट बघायची. पावसाळ्यात जायचं नाही. परतीची शेवटची बोट कधी सुटते ते बेटावर उतरल्या उतरल्या विचारायचं आणि तिच्या आधीच्या बोटीनं निघायचं.

हा कागद प्रत्येकीनं घरी वाचून दाखवला. तरी चौदापैकी नऊ जणींनाच होकार मिळाला. बाकी पाच जणींचे पैसे त्याच बैठकीत सह्या घेऊन परत केले.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आम्ही नऊ जणी निघालो. नेरूळहून हार्बरची लोकल पकडून सीएसएमटी, तिथून बसनं गेटवे. लोकलचं तिकीट एका बाजूला वीस रुपयांच्या आतबाहेर. बोटीचं येण्याजाण्याचं तिकीट अडीचशेच्या वर होतं. जायला तासभर लागतो. लेण्यांचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. दर बदलतात, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या. बोटीत आमच्यातल्या दोघींच्या जॅकेटचे पट्टे तुटलेले निघाले. बदलून मागितले. पोरगा जरा कुरकुरला, पण त्यानं बदलून दिले. आमचं बघून शेजारच्या कुटुंबानंही आपापले पट्टे तपासले.

सकाळची पहिली बोट धरली की लेण्यांत शांतता मिळते. धक्क्यापासून वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी थांबत थांबत चढावं. माकडं फार आहेत, हातात खाऊची पिशवी दिसू देऊ नका.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बेटावरच्या बायका बोरं, काकडी, आवळे घेऊन बसतात. आपण घरून सगळंच बांधून नेलं तर त्यांच्या हातात काय पडणार? आम्ही पाण्याच्या बाटल्या घरून नेल्या, पण खाणं तिथं घेतलं. घासाघीस केली नाही. बाजारात दिवसभर बसणं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांचा फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि त्यांनी सांगितलेले पैसे द्या. प्लास्टिक मात्र पिशवीत भरून परत आणा. बेटावरचा कचरा जाणार कुठं?

जेवणासकट प्रत्येकीचा खर्च साडेपाचशेच्या आत बसला. दिवे लागायच्या आत घरी पोहोचलो.

पुढच्या बैठकीत सहलीची वही पुन्हा उघडली. परवानगी न मिळालेल्या पाच जणींपैकी एकीनं न बोलता 50 रुपये पुढे सरकवले. आम्हीही काही न विचारता नोंद केली.

मैत्रिणींनो, तुमच्याजवळ घारापुरी नसेल, पण मालवणकडच्या गटांना सिंधुदुर्ग आहे, हर्णैला सुवर्णदुर्ग आहे, मुरूडला पद्मदुर्ग आहे. येत्या बैठकीत एक वेगळी वही काढा. पहिल्या पानावर अटी लिहा, दुसऱ्या पानावर नावं. आणि बोटीत बसलात की जॅकेट मागायला लाजू नका.