पी.टी.च्या तासाला दप्तरं सांभाळणारी मुलं

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक मागणी हमखास येते, ‘‘डॉक्टर, मुलाला पी.टी.तून सूट मिळेल असं सर्टिफिकेट द्या.’’ कुणाला दमा असतो, कुणाला फिट्स येतात, कुणाला सिकलसेल, तर कुणाच्या पायात जन्मतः दोष. पूर्वी मीही दोन ओळी लिहून सही करत असे. एकदा दमा असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला सहज विचारलं, ‘‘पी.टी.च्या तासाला तू काय करतेस?’’ ती म्हणाली, ‘‘सगळ्यांची दप्तरं सांभाळते.’’ माझ्या सहीने तिला हे काम लावलं होतं.

दमा आटोक्यात असेल, तर मूल खेळू शकतं. खेळल्याने त्याचा दमसासही वाढतो. खेळाआधी दहा मिनिटं हळूहळू शरीर गरम करावं. डॉक्टरांनी सांगितलं असल्यास दहा-पंधरा मिनिटं आधी पंप घ्यावा. हा पंप ऑफिसच्या कपाटात नको, मुलाच्या जवळ हवा. खोकला किंवा धाप सुरू झाली, तर लगेच थांबावं आणि पंप घ्यावा. सिकलसेलच्या मुलाला भरपूर पाणी, सावली आणि मध्ये मध्ये विश्रांती हवी. ‘दमलो’ म्हटल्यावर त्याला कुणी दामटू नये. फिट्स येणारी मुलंही बहुतेक खेळ खेळू शकतात. मात्र पोहताना मोठं माणूस शेजारी हवं आणि उंचावर चढणं टाळावं.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० पासून दिव्यांग मुलांसाठीही तिची हीच शिफारस आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अशा मुलांना शाळेत इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी मिळायला हवी. सिकलसेलचा आजारही या कायद्यात येतो.

काही मुलांना काही काळ खेळ बंद ठेवावाच लागतो, उदाहरणार्थ काही हृदयविकारांत. तो निर्णय तपासणी करूनच घ्यावा आणि किती दिवसांसाठी, तेही लिहून घ्यावं.

म्हणून पालकांनो, डॉक्टरांकडे सूट मागू नका. मूल काय खेळू शकतं, कोणती काळजी घ्यायची आणि त्रास झाल्यास काय करायचं, हे लिहून मागा. तो कागद पी.टी.च्या सरांच्या किंवा बाईंच्या हातात द्या. मीही आता तेवढंच लिहून देतो.