म्होरक्या कोण? लेखांक ९ : आझमशहाचा शब्द

आज म्होरक्या नोडच्या, म्हणजे संगणकांच्या गटातल्या लीडरच्या, टर्मच्या (कारकिर्दीच्या) आकड्याविषयी लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी. वाळूजच्या एका वाचकाने विचारलंय, "नवा म्होरक्या कसा निवडतात ते कळलं. पण जुन्याने पडायच्या आधी जे हुकूम सोडले, त्यांचं काय?" हा प्रश्न आठवडाभर डोक्यातून गेला नाही.

मला लगेच आपल्या बीबी का मकबऱ्याशी नाव जोडलेला, औरंगजेबाचा शहजादा आझम आठवला. ३ मार्च १७०७ ला औरंगजेब नगरजवळ भिंगारला वारला, देह खुलताबादला आणला. माळव्याच्या वाटेवर असलेला आझम मागे फिरला आणि नगरला बादशहा झाला. थोरला भाऊ मुअज्जम पार पेशावरपलीकडे जमरूदला. बातमी पोचताच तोही बादशहा. विजापुरात धाकटा भाऊ कामबख्श तिसरा. तीन नोड, तिघेही म्होरके, आणि मधला निरोप घोड्याच्या पायाने जाणार!

आग्र्याकडे निघालेल्या आझमने मे महिन्यात माळव्यातून शाहूराजांना कैदेतून सोडलं. चौथाई-सरदेशमुखीचा शब्दही दिला, असं आपले इतिहासकार लिहितात. जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत आझम मारला गेला. आता त्या शब्दाचं काय करायचं?

ऑन्गारो आणि औस्टरहाउट यांनी २०१४ साली मांडलेल्या राफ्ट या नोडच्या वह्या जुळत्या ठेवण्याच्या पद्धतीत म्होरक्या हुकूम आधी स्वतःच्या वहीत लिहितो. पाच नोड असतील तर तिघांच्या वहीत तो उतरला की पक्का. त्याआधी म्होरक्या कोसळला, तर नवा येऊन ती ओळ खोडू शकतो. खोडेलच असं मात्र नाही. ती ओळ त्याच्या स्वतःच्या वहीत आधीच उतरलेली असेल, तर ती टिकते आणि पुढे पक्कीही होते. म्हणजे हुकूम मागणाऱ्याला उत्तर आलं नाही, याचा अर्थ काम झालं नाही असा धरून चालत नाही. त्याने पुन्हा मागायचं, पण तोच क्रमांक घालून, नाहीतर एकाच कामाच्या दोन नोंदी व्हायच्या.

शाहूराजांच्या वकिलाने तेच केलं. १७०९ मध्ये मुअज्जमकडे, म्हणजे आता बहादूरशहाकडे, मागणी पुन्हा गेली. तिकडून गादीवर हक्क सांगणाऱ्या ताराबाईंचीही गेली. बादशहाने निवाडा टाळला. सनदा हातात पडल्या त्या १७१९ साली, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले तेव्हा.

पण आझमच्या हुकमाचा अर्धा भाग कुणालाच खोडता आला नाही. शाहूराजे सुटले होते, नर्मदा ओलांडून साताऱ्याला पोचले होते. वहीतली ओळ खोडता येते, छावणीबाहेर गेलेला माणूस परत आणता येत नाही. आमच्या धंद्यात तो माणूस म्हणजे एसएमएस. मी काम केलेल्या एका ठिकाणी ओळ पक्की व्हायच्या आत 'रक्कम जमा झाली' असा निरोप ग्राहकाला जायचा. एका रात्री म्होरक्या बदलला, नोंद पुसली गेली आणि सकाळी काउंटरवर माणसं फोन पुढे करून उभी. त्यांचं म्हणणं खरंच होतं, आणि आमची वहीही. निरोप पाठवणारी दोन ओळींची आज्ञा खाली सरकवायला आम्हाला तीन दिवस लागले, कारण ती कुणी आणि का वर ठेवली हेच कुणाला सांगता येईना.

या गादीच्या वादावर शाहूराजे आणि कोल्हापूरचे संभाजीराजे (दुसरे) यांनी १७३१ मध्ये वारणा नदी हद्द ठरवून दोन गाद्या राहू दिल्या. त्यावर लिहायचा मोह होतोय. पण आधी टर्म.